बारावा माइक

चौथ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी सकाळी टकळीनं मिक्सरवरची कालची चिकटपट्टी टर्रकन ओढून काढली, तिचा गोळा केला आणि तो बरोब्बर कचऱ्याच्या पिंपात फेकला. त्या चार दिवसांत आपला एकही नेम चुकलेला नाही, असं तिचं स्वतःचं ठाम मत होतं.

मग तिनं नवी पट्टी लावली. मिक्सरवर एका ओळीत सरकत्या कळा असतात, त्यांना फेडर म्हणतात. एकेक फेडर म्हणजे स्टेजवरचा एकेक माइक. वर सरकवला की माइक उघडला, खाली ओढला की बंद. कुठला कुणाचा हे कळावं म्हणून खाली पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर मार्करनं लिहायचं. हे काम टकळीचं. अक्षर मोत्यासारखं नव्हतं, पण ठसठशीत होतं, आणि ऐन वेळी मोती बघायला वेळ कुणाला असतो?

टकळी सोळा वर्षांची. तिचं खरं नाव वेगळं होतं. पण तोंड अखंड चालू, त्यामुळे बाबांनी ते पाळण्यातलं नाव केव्हाच निकालात काढलं होतं. बाबांना सगळे मास्तर म्हणत. देशोदेशीच्या लोकसंगीताचा हा महोत्सव सुरू झाला त्या वर्षापासून त्याचा आवाज मास्तरांच्या बोटांत होता. कुठल्या बेटावरचा ढोल असो, कुठल्या डोंगरातली बासरी असो, मास्तर एकदा कान देऊन ऐकायचे आणि दोन फेडर इकडे, एक बटण तिकडे केलं की मैदानाच्या टोकाला उभ्या माणसाच्या अंगावर काटा यायचा.

यायचा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत.

माणसाचा कान वरच्या सुरांपासून झिजत येतो. आधी पाखरं जातात, मग कुकरची शिट्टी दूर जाते, मग बोलण्यातले ‘स’ आणि ‘श’ गळायला लागतात. बाबांचा कान आता इतका झिजला होता की समोरचा ओठ हलवतोय हे दिसायचं आणि बाबा मान डोलावून म्हणायचे, “हो हो, काही काळजी करू नका.” हे घरातल्या तिघांनाच माहीत होतं. बाकी जगासाठी मास्तरांची लेक सुट्टीत काम शिकायला येऊन बसते, एवढंच.

ती शिकत नव्हती. ती त्यांचे कान होती. डावा हात बाबांच्या मनगटावर ठेवून बसायची. एक टिचकी म्हणजे खर्ज जास्त झाला, दोन म्हणजे मधला, तीन म्हणजे वरचा. माइक शिट्टी मारायला लागला, म्हणजे फीडबॅक आला, की मनगट आवळायचं, आणि मग कितव्या कळीवर कापायचं ते बोटांनी दाखवायचं. अडीच हजार कंपनांची शिट्टी कुठली आणि चार हजारांची कुठली, हे टकळीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. शाळेत असल्या गोष्टींना मार्क नसतात, हा शाळेचा तोटा.

पण आदल्या दिवशी गोची झाली. टकळी चार मिनिटं, फक्त चार मिनिटं, संडासाच्या रांगेत होती आणि नेमका एका वीणेचा माइक किंचाळला. सगळ्या मैदानानं कानांवर हात ठेवले. बाबा शांतपणे चहा पीत बसले होते.

संध्याकाळी आयोजक बाई मिक्सरच्या तंबूत आल्या. त्या ओरडल्या नाहीत, हेच वाईट होतं.

“मास्तर, उद्या तुमच्या मागे आमचा एक माणूस बसेल. नुसता ऐकायला. पुढच्या वर्षाचं काय ते उद्याच्या शेवटच्या कार्यक्रमावर ठरवू.”

“हो हो,” बाबा म्हणाले, “काही काळजी करू नका.”

टकळीनं रात्री त्यांना वहीत लिहून दाखवलं तेव्हा कुठे त्यांना कळलं बाई काय बोलल्या ते. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, “मला दुसरं काही येत नाही गं, टकळे.”

ते वाक्य घेऊनच ती सकाळी तंबूत आली होती.

तर पट्टी. शेवटचा कार्यक्रम दूरच्या एका बेटावरून आलेल्या अकरा बायकांचा होता. वाद्य नाही, काही नाही, नुसते गळे. गोल करून उभ्या राहणार आणि गाणार. पण त्यांनी पाठवलेल्या यादीत माइक मागितले होते बारा. टकळीनं अकरांच्या खाली लिहिलं: लाल शाल, उंच, चष्मा, वेणी, असं दिसेल तसं. बारावर मार्कर थांबला.

तेवढ्यात चहाची गाडी आली, म्हणून ती पळाली. दोन कप घेऊन परतली तर तंबूपाशी त्या बायकांची मुख्य बाई आणि सोबतची दुभाषी उभ्या होत्या. स्टेजवर कुणीतरी नगारा बडवून बघत होतं, त्यामुळे टकळीला शब्द कळत नव्हते. मुख्य बाई हळू, ठासून काहीतरी बोलत होती, एक बोट वर करून. दुभाषी ते मराठीत सांगत होती. बाबा मान डोलावत होते. बाईनं परत सांगितलं. बाबांनी परत मान डोलावली. तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर ती बाई दोन क्षण बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग गेली.

“काय म्हणत होत्या?” टकळीनं त्यांच्या समोर येऊन, ओठ नीट हलवत विचारलं.

“नेहमीचंच. आवाज गोड ठेवा.”

बाबांना त्यातला एक शब्दही ऐकू आलेला नाही, हे तिला त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. मागे धावून विचारावं असं तिच्या मनात आलंही. पण दोन्ही हातांत चहा होता, आणि मुख्य म्हणजे मास्तरांना ऐकू आलं नाही असं उघड करून विचारायचं कसं? तिनं कप खाली ठेवले.

“बारावर काय लिहू?”

“बायका अकराच आहेत ना? मग जादाचा असेल.” बाबा म्हणाले. “जादाचा नेहमी अर्धा उघडा ठेवायचा. ऐन वेळी एखादा दगा देतो.”

तिनं बाराखाली काहीच लिहिलं नाही.

दुपारी लाइन चेक झाला. म्हणजे स्टेजवरचा माणूस एकेका माइकवर नखानं खरवडतो आणि मिक्सरवर बघायचं की येतंय की नाही. स्टेजवरचा माणूस म्हणजे गुंडाळ्या. चाळिशीचा, पोट सुटलेला, खांद्यावर कायम वायरींची भेंडोळी; झोपताना बायकोलाही गुंडाळून ठेवत असेल अशी त्याच्यावर सगळे थट्टा करायचे, आणि तो सगळ्यांच्या आधी हसायचा.

“एक!” वॉकीटॉकीवर गुंडाळ्या. खर्र खर्र.

“आला.”

“दोन!”

दहापर्यंत सुरळीत. गुंडाळ्या अकराव्यापाशी वाकला होता तेव्हा टकळीचं लक्ष बाराच्या मीटरकडे गेलं. मीटर म्हणजे दिव्यांची छोटीशी उभी शिडी. आवाज आला की खालून हिरवे दिवे चढतात. बाराचे तीन दिवे लागले होते. स्थिर.

“गुंडाळ्याकाका, बाराला हात लावलात का?”

“अगं, अजून अकरावर आहे मी. दोन हात दिलेत देवानं, चार नाहीत.”

“वारा असेल,” ती म्हणाली. मग तिनं झेंड्यांकडे बघितलं. मैदानाभोवतीचे चाळीस झेंडे ओल्या टॉवेलसारखे लोंबत होते.

“हा स्टँड एवढा खाली कुणी केलाय?” गुंडाळ्याचा आवाज आला. “माझ्या कमरेला लागतोय.”

“त्या बायकांच्या मुख्य बाईनंच केला मघाशी. राहू दे.”

मीटर उतरलं आणि ती विसरून गेली. खरं सांगायचं तर विसरली नाही; पण मागच्या खुर्चीवर आयोजकांचा माणूस येऊन बसला होता. जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर वही, गळ्यात हेडफोन. त्याच्यापुढे असल्या शंका काढायची ती वेळ नव्हती.

कार्यक्रम सहा दहाला सुरू झाला. सातपर्यंत सगळं आटोपायला हवं होतं, कारण मैदानाच्या मालकांची अट होती: सातच्या ठोक्याला स्टेजची वीज बंद. मैदानाचा इलेक्ट्रिशियन हातात घड्याळ घेऊन खटक्यापाशी उभा राहायचा. महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं एका ढोलवाल्याला हात वर असतानाच गप्प केलं होतं.

ऊन तिरपं झालं होतं. चार दिवसांत गवत झोपून पिवळं पडलं होतं, तळलेल्या बटाट्यांचा आणि तापलेल्या ताडपत्रीचा वास येत होता. लोकांच्या मनगटावरच्या कागदी पट्ट्या मळून चिंध्या झाल्या होत्या. शेवटचा दिवस म्हणून सगळे थोडे हळवे, थोडे दमलेले. अकरा बायका आल्या, गोल करून उभ्या राहिल्या. गोलात एक जागा मोकळी होती. तिथं तो ठेंगणा स्टँड.

गाणं सुरू झालं. आधी एकीचा आवाज, मग त्याच्याखाली दुसरीचा, मग तिसरीचा, एकावर एक चादरी घालाव्यात तसे. टकळीनं बाबांच्या मनगटावर दोनदा टिचकी मारली. बाबांनी मधला कापला. छान. चष्मेवाल्यानं वहीत काहीतरी लिहिलं.

बाराचं मीटर निम्म्यापर्यंत चढलं होतं.

“बारावर कोण आहे गं?” बाबा म्हणाले.

तिनं मान हलवली. कुणी नाही.

“आहे.” बाबांनी बोट फेडरवर ठेवलं आणि तो हळूच वर नेला. “आहे कुणीतरी.”

टकळीनं हेडफोन लावला आणि फक्त बारावा माइक ऐकायचं बटण दाबलं.

काहीच नव्हतं.

आता हे नीट समजून घ्यायला हवं. उघडा माइक कधीच पूर्ण गप्प नसतो. त्याच्या आजूबाजूला अकरा बायका गळा काढून गात असतील, तर शेजारणीचा आवाज त्याच्यात शिरणारच. पाण्यात बोट बुडवून कोरडं काढता येत नाही. आणि बाराच्या माइकमध्ये काही म्हणजे काही नव्हतं. मीटर हिरवं, आणि हेडफोनमध्ये शांतता. तीही रिकामी नव्हती. दाराला कुणी पलीकडून कान लावून उभं असलं की अलीकडे जशी वाटते, तशी. आवाज आत जात होता आणि बाहेर येत नव्हता.

तिनं हेडफोन काढला. बाबांनी तिचा हात आपल्या मनगटावरून उचलून बाजूला ठेवला.

“पाखरं,” ते म्हणाले. “त्या खांबावर. तीन आहेत.”

तिनं वर बघितलं. दिव्यांच्या खांबावर, शंभर पावलांवर, तीन चिमण्या बसल्या होत्या.

बाबांना दोन वर्षांत पाखरू ऐकू आलं नव्हतं.

पुढची दहा मिनिटं टकळीच्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची होती, आणि ते नंतर तिला स्वतःशीही कबूल करवेना. बाबांची बोटं धावत होती. लाल शालवालीचा माइक शिट्टी मारणार हे टकळीला कळायच्या आधीच बाबांनी ती कापली. अडीच हजार. बरोब्बर. उंच बाईचा श्वास त्यांनी असा वर काढला की सगळं मैदान तिच्यासोबत श्वास घेत होतं. मागून चष्मेवाल्यानं वाकून तिच्या कानात म्हटलं, “मी तीस वर्षांत असा कान पाहिला नाही.” टकळीला ओरडून सांगावंसं वाटत होतं. आईला फोन करावासा वाटत होता. तिचे डोळे भरून आले. ते पुसून तिनं सहज घड्याळाकडे पाहिलं.

सहा पस्तीस.

यादीत पहिलं गाणं सहा मिनिटांचं होतं. त्या अजून पहिलंच गात होत्या.

तिनं स्टेजकडे नीट बघितलं. बायकांनी एकमेकींची कोपरं धरली होती. वेणीवालीचे गुडघे वाकले, शेजारणीनं तिला तोललं. तोंड मात्र उघडंच होतं, आवाज तसाच. चष्मावालीच्या ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताची बारीक रेघ उतरली होती. मुख्य बाई गात होती आणि साठ पावलांवरून थेट मिक्सरकडे बघत होती. तिनं एक हात उचलला आणि वरून खाली आणला. परत. परत.

मैदानात कुणी हलत नव्हतं. हजारो माणसं, आणि एकही मूल रडत नव्हतं, एकही कप चुरगळत नव्हता.

बाबांनी मान एका बाजूला कलती केली होती. डोळे मिटलेले. टकळीनं त्यांना असं बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं. एखादी म्हातारी उन्हात पाय पसरून बसते, तसे ते बसले होते.

दुभाषी गर्दीतून वाट काढत धावत आली. धापा टाकत होती.

“बारा बंद करा! सांगितलं होतं ना सकाळी!”

“काय सांगितलं होतं?”

“अहो, तीनदा सांगितलं! तो माइक लावायचा, वायर जोडायची, पण उघडायचा नाही. ते हो म्हणाले. तीनदा हो म्हणाले!”

टकळीनं विचारलं, “कुणाचा आहे तो?”

“त्यांच्या थोरलीचा. सगळ्यांत म्हातारी होती. हिवाळ्यात गेली. तिची जागा ठेवतात त्या.”

“मग... तीच गातेय का?”

“गात नाही.” दुभाषीनं आवाज खाली आणला. “त्या म्हणतात, ती ऐकायला येते. आणि ती ऐकत असेल तोवर त्यांना थांबता येत नाही.”

“आणि सातला वीज जाणार आहे.”

“त्याच्या आत बंद करा. उघडा असताना वीज गेली तर...” ती अडखळली. “त्यासाठी त्यांच्याकडे एक शब्द आहे. मी अर्थ विचारला. सांगत नाहीत.”

सहा अठ्ठेचाळीस.

टकळीनं बाराच्या फेडरला हात घातला. तिथं बाबांचा हात होता.

“बाबा, खाली घ्या.”

काही नाही. तिनं मनगट आवळलं. काही नाही. तिनं तो माइक गप्प करायचं बटण दाबलं. बटणाचा दिवा लाल झाला, मीटर हिरवंच राहिलं. तिनं वॉकीटॉकी उचलली.

“गुंडाळ्याकाका! बाराची वायर उपटा! आत्ताच्या आत्ता!”

तो स्टेजच्या कडेनं वाकत वाकत गेलेला दिसला. मग त्याचा आवाज आला, अगदी बारीक. “काढली. वायर माझ्या हातात आहे.”

मीटर हिरवं.

“टकळे,” तो म्हणाला, “इथं माझ्या मानेवर कुणीतरी...” आणि मग नुसती खरखर. तो भेंडोळी टाकून स्टेजच्या मागे पळाला.

सहा चोपन्न.

आता उरला फक्त फेडर. तिनं दोन्ही हातांनी बाबांचा हात ओढला. तो हात ती ओळखत होती. त्यावरची प्रत्येक शीर तिला पाठ होती. तो हलला नाही. चष्मेवाला उठला, “अगं ए, मास्तरांना काम करू दे की!” म्हणाला. तिनं त्याला कोपरानं ढकललं. ती रडत होती, ओरडत होती, आणि सगळ्या मैदानात तिच्याकडे कुणीही वळून बघत नव्हतं.

ती एकेक बोट सोडवायला लागली. करंगळी. अनामिका. नखं लागली, बाबांच्या कातडीवर ओरखडे उठले. मधलं बोट.

सहा अठ्ठावन्न.

फेडर सरकला. पाव इंच. अर्धा. स्टेजवर आवाज खाली आला. दोघी गुडघ्यांवर बसल्या. मुख्य बाईनं डोळे मिटले. मीटरचे दिवे उतरत उतरत दोनावर आले. आता फक्त अर्धा इंच उरला होता.

बाबांनी डोळे उघडले. तिच्याकडे वळले. ते बाबाच होते, शंकाच नाही. ते थकलेले डोळे, ती दाढीची खुंटं.

“टकळे,” ते म्हणाले. “तुझा आवाज.”

तिचे हात थांबले.

“बदललाय गं. किती मोठी झालीस तू. मला माहीतच नव्हतं.” त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. “अजून एकदा बोल ना. काहीही बोल.”

अर्धा इंच. खाली ओढला की हे संपलं. परत टिचक्या, परत वही, परत मान डोलावणं. तिला सगळं कळत होतं. स्टेजवर अकरा बायका मोडून पडत होत्या तेही दिसत होतं. आणि तरी.

एक शब्द. एवढाच. मग ओढते.

तिनं बोलायला तोंड उघडलं.

खटका पडला.

स्पीकरमधली घरघर विझली. मिक्सर काळा झाला. ऊन अजून होतं. झेंडे लोंबत होते. खांबावरच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या.

मग टाळ्या. मैदान नुसतं उसळलं. लोक रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते, असा समारोप आजवर झाला नाही म्हणत होते. आयोजक बाई धावत आल्या आणि चष्मेवाल्यानं वही मिटून म्हटलं, “पुढच्या वर्षाचं विचारताय? पुढच्या दहा वर्षांचं विचारा.” बाबा हसत होते.

बऱ्याच वेळानं, गर्दी पांगल्यावर, त्या बायका तंबूत आल्या. एकमेकींच्या आधारानं, लंगडत. टकळीला वाटलं, आता शिव्या बसणार. त्या तिच्याजवळून सरळ पुढे गेल्या. एकामागून एक, अकराही जणी बाबांसमोर वाकल्या आणि त्यांच्या हाताला कपाळ लावून मागे सरल्या. कुणीही वर डोळे करून बघितलं नाही. बाबांनी प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवला. जणू रोजचंच.

दुभाषी तंबूच्या दाराशीच थांबली होती. ती आत आली नाही.

पुढचा आठवडा घरात सणासारखा गेला, एवढी ती बातमी होती. बाबांना नळाचा थेंब ऐकू यायचा. खालच्या मजल्यावर कुणी किल्ली फिरवली तर ते सांगायचे. टकळी मात्र जुन्या सवयीनं त्यांच्या मनगटाला हात लावूनच बोलायची. आणि आई हसून म्हणायची, “दूध उतू जायच्या आत उठतात, पण मी दहा हाका मारल्या तरी ढिम्म. ऐकू यायला लागलं तरी बायकोचं ऐकतील तर ते नवरे कसले!”

आयोजकांना करारासोबत कान तपासल्याचा कागद हवा होता. टकळी बाबांना घेऊन गेली. तपासणारी बाई तरुण होती, गोड बोलायची. तिनं बाबांना काचेच्या बंद खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले, हातात एक बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबायचं. मग बाहेर बाईच्या टेबलावर एक छोटा दिवा लागायचा. कान तपासल्याचा जुना आलेख, दोन वर्षांपूर्वीचा, टकळीनं गुपचूप पर्समध्येच ठेवला.

दिवा लागत राहिला. लागत राहिला. बाईच्या भुवया वर गेल्या.

“लहान मुलांनासुद्धा एवढं ऐकू येत नाही,” ती म्हणाली. “झालं. बंद केलं मी मशीन.”

दिवा लागला.

“बंद केलंय ना?” टकळीनं विचारलं. दिवा लागला.

बाईनं वायर बघितली. तिच्या हातातून पेनचं टोपण निसटून गालिच्यावर पडलं. दिवा लागला. खुर्ची करकरली. दिवा लागला.

“ही खोली तर... बाहेरचा आवाज आत जाऊच शकत नाही,” बाई पुटपुटली. दिवा लागला.

काचेपलीकडे बाबा डोळे मिटून बसले होते, मान एका बाजूला कलती.

टकळी काचेजवळ गेली.

“बाबा,” ती म्हणाली.

दिवा लागला नाही.

“बाबा!”

अंगठा बटणावर स्थिर होता.

तिनं काचेवर दोन्ही हात ठेवले आणि छातीतून ‘बाबा’ अशी हाक मारली. बाई दचकून मागे सरली. दिवा काळाच. जणू त्या नावाचं आत कुणी नव्हतंच.

मग टकळी गप्प झाली. तिला हुंदका आला, तो तिनं तोंडावर हात दाबून आतल्या आत गिळला.

दिवा लागला.